शंभर ग्रॅममागे लोह किती

टाकानिनी, ऑकलंड
४ जून २०१४

अहो,

निघताना तुम्ही बजावलं होतंत की तिकडून फोन करायचा नाही. मी फोन केलेला नाही. पत्राबद्दल तुम्ही काही बोलला नव्हतात. शेजारच्या बाळासाहेबांना सांगून ठेवलंय, खालच्या पेटीत माझं पाकीट दिसलं की ते वर आणून तुमच्या हातात द्यायचं. नाहीतर तुम्ही ते विजेच्या बिलांखाली सरकवाल आणि मिळालंच नाही म्हणाल.

मी सुखरूप पोचले. अळीव मात्र पोचले नाहीत. विमानतळावर तपासणीला एक गोड मुलगी होती, 'किया ओरा' म्हणाली, तो इथला नमस्कार, मीही म्हटलं. तिने अळिवाची पुडी हातात घेऊन विचारलं, हे काय. मी सांगितलं, बाळंतिणीला, गरोदर बाईला देतात, रक्त वाढतं. तिने विचारलं, हे मातीत टाकलं तर रुजेल का. बत्तीस वर्षं मुलींना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई मी. रुजेल, म्हटलं. पुडी गेली.

सिद्धी बरी आहे असं लिहिणार होते. पण विमानतळावर ती समोर उभी होती आणि मी तिच्या मागे तिलाच शोधत होते. पोट तेवढं पुढे, बाकी सगळी वाळत घातलेल्या ओढणीसारखी. ओठ पांढरे. जिना चढताना मधेच थांबते आणि भिंतीवरचा फोटो बघत असल्याचं दाखवते. सहावा सरतोय. इथे गरोदर बाईला डॉक्टर नाही, मिडवाइफ सांभाळते. तिने रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ब्याण्णव आलं, आणि ब्याण्णव असूनही ही बाई म्हणते की कमी आहे. तुमच्या आईंचं अकरा होतं तर आपले डॉक्टर खूश होते. ह्या देशात सगळंच भरपूर लागतं, तसं रक्तही लागत असेल. लोहाच्या गोळ्या दिल्यात. त्या सिद्धीच्या पोटात ठरत नाहीत.

जावई चांगला आहे हे तुम्हाला ऐकायचं नाही, म्हणून लिहीत नाही. त्याची आई ग्लेनिस दर रविवारी येते. त्यांची गुरं टुआकाऊच्या पुढे, टेकडीवर. ती येताना दूध आणत नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच.

सौ. विनया


टाकानिनी
२९ जून २०१४

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. 'हिमोग्लोबिन ९२ हे लिटरमागे ग्रॅम. आपल्याकडील ९.२. कमी आहे. ही गंमत नव्हे. चंद्रहास.' संपलं कार्ड. ना मायना, ना आशीर्वाद. दोन वर्षांत ह्या घराच्या दिशेने तुम्ही लिहिलेलं हे पहिलं वाक्य, आणि त्यात चार आकडे.

मी ते सिद्धीला दाखवलं नसतं, पण पोस्टाची पेटी तीच उघडते. तिने उभ्या उभ्या वाचलं. मग म्हणाली, "आई, बाबांनी 'गंमत नव्हे' असं लिहिलंय." मी म्हटलं, हो, त्यांना दुधात पाणी सापडलं की ते असंच लिहायचे. ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. कार्ड आता फ्रिजच्या दारावर आहे.

तिथेच शेजारी ग्लेनिसने आणलेलं एक पत्रक आहे. त्यात गाईच्या मांसाचे सगळे तुकडे चित्र काढून दाखवलेत, आणि प्रत्येकासमोर त्यात काय काय असतं ते छापलंय. तिचा सगळा भर रम्प स्टेकवर. रम्प म्हणजे जनावराचा पुठ्ठा. चरबी कमी, प्रथिनं भरपूर, जस्त, बी-ट्वेल्व्ह आणि लोह, असं ती बोटावर मोजून सांगते, आपण भीमरूपी म्हणतो त्या चालीवर. तिला वाटतं सुनेला रोज एक तुकडा मिळाला तर तीन आठवड्यांत गाल लाल होतील. सिद्धी तिला म्हणते, मी व्हेजिटेरियन आहे हे तुम्हाला माहीत आहे. ग्लेनिस म्हणते, माहीत आहे की, मी फक्त फ्रीझरमध्ये ठेवते.

तर आता फ्रीझरमध्ये अर्धं जनावर आहे. खालचे दोन कप्पे तिचे, वरचा माझा. मधे मी जुना टॉवेल अंथरलाय. पहिल्या दिवशी खोवलेला नारळ काढताना माझा हात चुकून खाली गेला तर मी तीनदा साबणाने धुतला. ग्लेनिसने ते पाहिलं. पुढच्या रविवारी ती स्वतःच दुसरा, नवा टॉवेल घेऊन आली.

आणखी एक सांगते. ही बाई आमच्या स्वयंपाकघरात ते शिजवत नाही. मी आत असते म्हणून. मागच्या अंगणात बार्बेक्यूची शेगडी आहे, तिथे ती स्वतःचा आणि लेकाचा, हेमिशचा, तुकडा भाजते. भर थंडीत, वारा असो की पाऊस, एका हातात चिमटा आणि एका हातात छत्री. मी तिला आत ये म्हटलेलं नाही. मला ते सुचलंच नाही असं समजा.

पत्रकात लिहिलंय की शंभर ग्रॅम रम्प स्टेकमध्ये तीस मिलिग्रॅम लोह असतं. छापलंय म्हणजे असणारच. मी भाषेची बाई, आकड्यांतलं मला काय कळतं. आता तीस म्हटल्यावर माझ्या पालकाचं आणि खजुराचं काय राहिलं सांगा. तुम्ही असतात तर काही बोलू शकला असतात. असो.

विनया


टाकानिनी
२४ जुलै २०१४

अहो,

ह्या वेळी तर दोन्ही बाजूंनी भरलेला कागद आला. बाळासाहेब फोनवर म्हणाले की माझं पत्र वाचल्यावर तुम्ही तसेच चपला घालून युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेलात आणि संध्याकाळी जेवायचं विसरलात. त्यांच्या कांचनवहिनींनी आमटी आणून दिली तर तिच्याकडे बघून तुम्ही विचारलंत म्हणे, ह्यात लिंबू का पिळलं नाही.

तुमचा निकाल मी सगळ्यांना वाचून दाखवला. 'तीस अशक्य. कोणत्याही तक्त्यात रम्पचे लोह शंभर ग्रॅममागे दोन-तीन मिलिग्रॅमच्या आसपासच आहे. चष्मा लावून वाच.' हे ऐकून मी टाळीच वाजवली. ग्लेनिसला भाषांतर करून सांगितलं, की माझे मिस्टर सरकारी प्रयोगशाळेत होते, तेल, हळद, दूध काहीही त्यांच्यापासून सुटलेलं नाही, आणि ते म्हणतात तुझ्या स्टेकमध्ये काही दम नाही. अळीव सँडरिंगहॅमच्या देशी दुकानात मिळाले होतेच, हेमिशच गाडीने घेऊन गेला होता. मी म्हटलं, अळिवाचा आकडा बघ, शंभरात शंभर, आमच्या जुन्या तक्त्यात आहे.

मग पान उलटलं.

'परंतु', असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या ह्या 'परंतु'ने आयुष्यभर माझा घात केलाय. 'परंतु खाल्ले किती याला अर्थ नाही, रक्तात उतरले किती याला आहे. धान्य, पाला, बिया यांतील लोह शरीर फार थोडे उचलते. लिंबू, आवळा बरोबर असल्यास काही अधिक. चहा बरोबर असल्यास जवळजवळ नाही. मांसातील लोहाचा मोठा भाग निराळ्या स्वरूपात असतो आणि तो कित्येक पट सहज उचलला जातो. शिवाय अळीव कोणी शंभर ग्रॅम खात नाही, चमचाभर खातात. तेव्हा त्या बाईंचे म्हणणे पदार्थापुरते बरोबर आहे. मी पक्ष घेत नाही. पदार्थात काय आहे तेवढे सांगतो. काय खावे हे जिचे पोट आहे तिने ठरवावे.'

मी हे मराठीत मोठ्याने वाचत सुटले होते आणि थांबायचं सुचलं नाही. ग्लेनिसला भाषा कळत नाही, पण माझा चेहरा कळला. तिने सिद्धीला विचारलं, काय म्हणतायत. सिद्धी म्हणाली, "ही सेज यू आर राइट." ग्लेनिसने विचारलं, आणि विन इतकी गप्प का झाली. सिद्धी म्हणाली, त्याच कारणासाठी.

ग्लेनिस मला चिडवेल असं वाटलं होतं. ती चहा करायला उठली, मग तुमचं चहाचं वाक्य सिद्धीने तिला सांगितल्यावर किटली खाली ठेवून संत्री सोलत बसली.

सिद्धी तो कागद घेऊन वर गेली. शेवटची ओळ तिने मला पुन्हा विचारली. "जिचं पोट आहे तिने, असंच लिहिलंय ना?" लग्नाच्या वेळी हे वाक्य तुमच्याकडून आलं असतं तर आज मला इतक्या लांब एकटीने यावं लागलं नसतं.

अळिवाचे लाडू सगळे हेमिश खातो. त्याच्या गालांवर चांगलीच लाली आलीय.

विनया


टाकानिनी
११ ऑगस्ट २०१४

अहो,

काल रविवार. पाऊस फार झाला. माझी साडी भिजली, त्यामुळे आज घसा खवखवतोय. हळदीचं दूध घेतलंय.

नवं रक्त तपासलं, अठ्ठ्याऐंशी आलं. म्हणजे आपलं आठ पूर्णांक आठ, मी शिकलेय. मिडवाइफ म्हणाली की बाळंतपणात रक्त गेलं तर ह्यात भागणार नाही. हॉस्पिटलला कळवलंय.

बाकी विशेष काही नाही. जेवणं नेहमीप्रमाणे झाली.

विनया


टाकानिनी
२४ ऑगस्ट २०१४

अहो,

बाळासाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, चंद्रहासराव दोन दिवस एकच विचारतायत, ही बाई पाऊस आला की खिडकीतून हात बाहेर काढत नाही, हिची साडी भिजली कशी. तुमच्यापासून काही लपवायचं तर ते पाण्याबद्दल नसावं, हे मला कळायला हवं होतं.

सांगते. तो आठ पूर्णांक आठचा कागद शनिवारी आला. सिद्धी तो हातात धरून पायरीवर बसली होती, मधल्या. ह्या वेळी फोटोकडे बघत नव्हती. मला म्हणाली, "आई, मी उद्या ट्राय करणार आहे. फक्त बाळासाठी. तू त्या वेळी वर जाऊन बसलीस तरी चालेल, मला अजिबात वाईट वाटणार नाही." मी बरं म्हटलं.

रविवारी ग्लेनिस आली. सिद्धीने तिला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ही आता विजयाने उड्या मारेल. तिचे डोळे भरून आले. तिने त्या पत्रकातलं एक अक्षर उच्चारलं नाही. फ्रीझरमधून दोन नेहमीचे आणि एक छोटा, अगदी तळहाताएवढा तुकडा हेमिशने सकाळीच काढून ठेवला होता, ते तिन्ही घेऊन ती मागच्या दाराने अंगणात गेली. बाहेर असा पाऊस की कुंपण दिसत नव्हतं. वाऱ्याने तिची छत्री उलटी झाली. तिने ती पायाने दाबून सरळ केली, ती पुन्हा उलटी झाली. विस्तव... विस्तव कसला, गॅसच तो, तो विझायला आला. ती वाकून, स्वतःच्या पाठीवर पाऊस घेऊन, त्या एवढ्याशा तुकड्यावर आडवी झाली. पासष्ट वर्षांची बाई. माझ्या मुलीसाठी.

मी वर जाणार होते. मी हेमिशची मोठी गोल्फची छत्री घेतली आणि बाहेर गेले.

दोन्ही हातांनी छत्री धरून मी तिथे उभी राहिले. वास आला, त्याबद्दल लिहीत नाही. डोळे मिटले तर छत्री कलंडायची, म्हणून उघडे ठेवले. ग्लेनिस एकदा मला म्हणाली, विन, तू हे बघायची गरज नाही. मी म्हटलं, तू आपलं ते नीट शिजव, कच्चं ठेवू नकोस, गरोदर आहे ती. तुम्हाला माहीत आहे मला गप्प राहता येत नाही. मग मीच सांगत होते, पलट, आता पलट. कुठल्या जन्मात मी ते पाहिलं होतं म्हणून सांगत होते, देव जाणे. पदर चिंब, पायांत हेमिशचे जँडल्स, इथे रबरी सपातांना तसं म्हणतात. शेजारचे पंजाबी गृहस्थ गाडी लावत होते, ते बघतच राहिले.

सिद्धीने दोन घास खाल्ले. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. हेमिशने तर स्वतःचा काटा हवेतच धरला होता. तिसऱ्या घासाला ती थांबली. म्हणाली, चव वाईट नाही, खरंच नाही, पण गिळताना बाबा समोर येऊन उभे राहतात. नुसते उभे राहतात. आणि ती रडायला लागली.

ग्लेनिसने ताटली उचलली. मी म्हणणार होते, अगं थोडं अजून खा, आणि तेच शब्द तोंडात आल्यावर माझी मलाच भीती वाटली. ग्लेनिस मला म्हणाली, विन, तुझी ती पिवळी डाळ आहे का. मी वरणभात वाढला, वर लिंबू पिळलं. सिद्धीने पोटभर खाल्ला. ग्लेनिसनेही खाल्ला. तिचा स्टेक तसाच गार झाला.

मग हॉस्पिटलने बोलावलं. तिथे शिरेतून लोहच देतात, चहासारख्या रंगाचं, बाटली टांगून. तासाभरात झालं. गेल्या बुधवारी दिलं. काल ती जिना न थांबता चढली आणि वरून मला ओरडून सांगितलं की चढले.

तो तीसचा आकडा मी मुद्दाम लिहिला होता, हे तुम्हाला कळलंच असेल. पत्रकात स्वच्छ तीन छापलंय. चष्मा मी लावलेलाच होता. दुसऱ्या कशाने तुम्ही लिहिलं असतंत का, तुम्हीच सांगा.

तुमची,
विनया


टाकानिनी
१४ सप्टेंबर २०१४

अहो,

मुलगी झाली. परवा पहाटे. तीन किलो चारशे. सिद्धी सुखरूप आहे, रक्त फार गेलं नाही. आदल्या आठवड्यात हिमोग्लोबिन एकशे बारा होतं. हेमिशने बाळासाहेबांना लगेच फोन केला होता, पण त्याचं मराठी 'आई' आणि 'अजून एक लाडू' एवढंच, त्यामुळे बाळासाहेबांना नीट कळलं की नाही कोण जाणे. म्हणून मी पुन्हा केला तर ते म्हणाले, निरोप ऐकून तुम्ही गॅलरीत गेलात आणि बराच वेळ वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालत होतात.

नाव इरा ठेवलंय. हेमिशला उच्चारता येतं आणि मला हाक मारता येते.

हॉस्पिटलमध्ये मी आणि ग्लेनिस भांडलो. ती म्हणाली, बघ, दोन घासांनी केवढा फरक पडला. मी म्हटलं, दोन महिने मी अळीव भरवतेय ते काय वाया गेले. ती म्हणाली, ते माझ्या मुलाने खाल्ले. आवाज इतके चढले की नर्सने दोघींना बाहेरच्या बाकावर बसवलं, शाळेतल्या मुलींसारखं. बाकावर बसल्यावर ग्लेनिसने पिशवीतून सँडविचं काढली. चीज आणि टोमॅटोची. माझ्यासाठी म्हणून वेगळ्या सुरीने कापली होती, हे तिने मला दोनदा सांगितलं.

सिद्धीने जरा सावरल्यावर पहिल्यांदा काय विचारलं ते सांगू का नको, ठरत नव्हतं. सांगते. तिने विचारलं, बाबांना माहीत आहे का. मी म्हटलं, तूच कळव. ती म्हणाली, "ते उचलत नाहीत ना गं." रागाने नाही म्हणाली. दुकान आज बंद असतं असं आपण सांगतो, तसं.

आता मी काही आकडे चुकवणार नाही. वजन वगैरे सगळं बरोबर लिहिलंय, दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तुम्हाला लिहायचं असेल तर कारण तुम्हीच शोधा.

तुमची,
विनया


पुणे
२७ सप्टेंबर २०१४

चि. सिद्धी,

तुझ्या आईचे पत्र पोचले. इराचे वजन उत्तम आहे. तुला आणि तिला माझे आशीर्वाद. हेमिशलाही.

पहिल्यांदा वादाचा निकाल देतो, म्हणजे त्या दोघींना पुन्हा बाकावर बसावे लागणार नाही. हिमोग्लोबिन वाढले ते शिरेतून दिलेल्या लोहाने. दोन घास स्टेक आणि चमचाभर अळीव यांनी तीन आठवड्यांत एवढा फरक पडत नाही. हे दोघींना एकत्र सांग, वेगवेगळे सांगू नकोस.

तू जेवताना मी समोर येऊन उभा राहतो असे आईने लिहिले आहे. ते वाचल्यापासून मला जेवण नीट जात नाही. मी तसा उभा राहू इच्छित नाही.

लग्नाआधी तू मला विचारले नाहीस याचा मला राग होता. दोन वर्षे होता. या आठवड्यात शांतपणे विचार केला. तू विचारले असतेस तर मी नाही म्हटले असते. मी नाही म्हटल्यावर तू कदाचित ऐकले असतेस. म्हणजे इरा झाली नसती. तेव्हा तू विचारले नाहीस ते बरोबर केलेस. हे मी तुला फोनवर सांगणार होतो. दोनदा नंबर फिरवला. पहिल्या वेळी तुमच्याकडे पहाटेचे तीन वाजले असतील हे लक्षात आले म्हणून ठेवला. दुसऱ्या वेळी दुपार होती, तरी ठेवला.

व्हिसाचे कागद भरले आहेत. बाळासाहेबांच्या पुतण्याने तिकीट पाहून ठेवले आहे, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचे. तुझ्या सासूबाईंना सांग की माझ्यासाठी निराळे काही करण्याचे कारण नाही, आणि त्यांनी पावसात उभे राहून शिजवू नये. त्यांची गुरे पाहायला मला आवडेल. कोणत्या गवतावर आहेत?

विमानतळावर कोणी येण्याची गरज नाही. बाळाला वाऱ्यात आणू नये, आणि तू एवढ्यात गाडी चालवू नयेस. मी टॅक्सीने येईन.

हेमिशची उंची साधारण किती आहे ते मात्र उलट टपाली कळव. आईने पाठवलेल्या फोटोत तो बसलेला आहे, त्यावरून अंदाज येत नाही. गर्दीत ओळखायला बरे पडेल.

बाबा